पहिले सालारजंग आणि अजिंठा : आश्रयदातृत्वाच्या कल्पनेची एक तपासणी

१

हैदराबाद संस्थानचे दिवाण मीर तुराब अली खान, म्हणजे इतिहासाला परिचित असलेले पहिले सर सालारजंग (१८२९–१८८३), यांचे नाव निघाले की त्याच्यामागे दोन विशेषणे जोडीने येतात : थोर मुत्सद्दी आणि संस्कृतीचे उदार आश्रयदाते. यांपैकी पहिल्या विशेषणाची छाननी पुष्कळ झाली आहे. तह, खलिते, महसुलाचे ताळेबंद, रेसिडेंटांचे अहवाल अशी साधने त्यासाठी विपुल आहेत आणि अभ्यासकांनी ती बारकाईने वापरलीही आहेत. दुसरे विशेषण मात्र एका लेखनातून दुसऱ्यात फारशा तपासणीवाचून उतरत आले आहे. जणू मोठा सरदार, मोठा वाडा आणि मोठा संग्रह एवढ्यावरून आश्रयदातृत्व आपोआप सिद्ध व्हावे!

या विशेषणाची कसोटी हैदराबादेतील दिवाण देवडीत घेतली तर उत्तर एक मिळते. त्याच संस्थानच्या वायव्य सरहद्दीवर, अजिंठ्याच्या घाटाखाली वसलेल्या फर्दापुरास घेतली तर निराळे मिळते. फर्दापुरापासून अवघ्या ५ किलोमीटरांच्या आसपास अजिंठ्याची लेणी आहेत. भारतीय चित्रकलेचा एवढा मोठा प्राचीन ठेवा ज्या राज्याच्या हद्दीत होता, त्या राज्याचा कारभार सालारजंगांनी ३० वर्षे पाहिला. तेव्हा त्यांना कलेचे आश्रयदाते म्हणावयाचे असेल, तर त्या ३० वर्षांत अजिंठ्याचे काय झाले, हा प्रश्न टाळता येणार नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. सालारजंगांचे खरे सांस्कृतिक कार्य त्यांनी जमविलेल्या वस्तूंत शोधणे चुकीचे असून ते त्यांनी उभारलेल्या शासनयंत्रणेत शोधले पाहिजे. त्या कार्याची मर्यादा मात्र अजिंठ्यापाशी स्पष्ट दिसते. आणि ही मर्यादा त्यांच्या वैयक्तिक अनास्थेपेक्षा त्यांच्या मुत्सद्देगिरीच्या मूळ धोरणातूनच निर्माण झालेली आहे. म्हणजे ज्या दोन विशेषणांना चरित्रलेखन एकमेकांचे पूरक मानते, ती परस्परांस मर्यादा घालणारी आहेत.

२

प्रथम एक साधा गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. सालारजंग हा किताब घराण्यात तीन पिढ्या चालला. पहिले सालारजंग मीर तुराब अली खान, दुसरे त्यांचे पुत्र मीर लायक अली खान आणि तिसरे त्यांचे नातू मीर युसुफ अली खान (१८८९–१९४९). हैदराबादेतील जगप्रसिद्ध सालारजंग संग्रहालय हे मुख्यत्वे तिसऱ्या सालारजंगांच्या संग्रहवृत्तीचे फळ होय. ते १६ डिसेंबर १९५१ रोजी दिवाण देवडीत पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते खुले झाले, १९६१ मध्ये संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरले आणि १९६८ मध्ये मुसा नदीकाठच्या नव्या इमारतीत गेले. या संग्रहात पहिल्या सालारजंगांनी मिळविलेल्या वस्तू आहेत हे खरे. बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराचा ‘बुरख्यातील रिबेका’ हा संगमरवरी पुतळा त्यांनी १८७६ च्या युरोपयात्रेत रोम येथे घेतला, ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध वस्तू. परंतु नातवाच्या संग्रहाचे श्रेय आजोबांच्या चरित्रात जमा करणे ही इतिहासलेखनातील ढिलाई आहे. एकाच किताबाखाली तीन व्यक्ती एकवटल्या, की पहिल्याची राजकीय कीर्ती आणि तिसऱ्याची कलासक्ती यांची बेरीज होते आणि त्या बेरजेतून एक अशी व्यक्ती तयार होते जी प्रत्यक्षात कधीच अस्तित्वात नव्हती.

रिबेकेच्या पुतळ्याचे उदाहरण आणखी एका दृष्टीने बोलके आहे. १८७६ मध्ये ज्या दिवाणाने रोममध्ये समकालीन युरोपीय शिल्प विकत घेतले, त्याच्याच राज्यातील अजिंठ्याला त्याच दशकात मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी भिंतीवरील चित्रांच्या प्रती करीत होते. या दोन घटना शेजारीशेजारी ठेवल्या असता एकोणिसाव्या शतकातील भारतीय सरदारवर्गाच्या अभिरुचीचे स्वरूप ध्यानात येते. त्या वर्गासाठी कला म्हणजे संग्राह्य वस्तू होती : जी विकत घेता येते, दिवाणखान्यात मांडता येते आणि पाहुण्यास दाखविता येते. डोंगरातील भिंतीवरचे चित्र या कल्पनेत बसणारे नव्हते.

३

सालारजंगांच्या प्रतिमेचा उगम मुख्यत्वे सय्यद हुसेन बिलग्रामी यांच्या इंग्रजी चरित्रात आहे. हे चरित्र दिवाणांच्या निधनाच्याच वर्षी, १८८३ मध्ये, सिद्ध झाले. बिलग्रामी हे सालारजंगांचे खाजगी चिटणीस. त्यामुळे या ग्रंथाला प्रत्यक्ष निकटतेचे मोल आहे, तसेच निकटतेचे दोषही आहेत. चरित्रनायक हा आदर्श सुधारक, निष्ठावंत सेवक आणि सुसंस्कृत अमीर या तिहेरी चौकटीत बसविला आहे. आणि ही चौकट इंग्रज वाचकाला पटेल अशा बेताने आखली आहे. ज्या माणसाशी हिंदुस्थान सरकारचे संबंध अखेरच्या वर्षांत कमालीचे ताणले गेले होते, त्याचे चरित्र त्याच सरकारच्या भाषेत लिहिताना लेखकाला संयम राखावाच लागला असणार. हा संयम समजण्याजोगा आहे. पण पुढील लेखकांनी त्यालाच संपूर्ण सत्य मानले, हा दोष बिलग्रामींचा नव्हे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या चित्राला खोली आली. वसंत कुमार बावा यांनी सालारजंगकालीन हैदराबादवरील आपल्या ग्रंथात (१९८६) मोगल परंपरेची राज्यव्यवस्था आणि इंग्रजी नमुन्याची नोकरशाही यांच्यामधील संक्रमण तपशिलाने दाखविले. भारती रे यांनी १८५८ ते १८८३ या काळातील हैदराबाद आणि ब्रिटिश सार्वभौमत्व यांच्या संबंधांचे विवेचन केले (१९८८) आणि ‘निष्ठावंत दिवाण’ या प्रतिमेमागील चिवट प्रतिकार उघड केला. कॅरेन लिओनार्ड यांनी मुल्की आणि गैरमुल्की या भेदाची मुळे सालारजंगांच्या नोकरभरतीत कशी आहेत ते दाखविले. या सर्व लेखनाने मुत्सद्द्याची मूर्ती पुष्कळच सजीव झाली. तरीसुद्धा या अभ्यासांचे केंद्र राजधानी हेच राहिले. दिवाण, रेसिडेंट, निजाम आणि कलकत्ता यांच्यामधील पत्रव्यवहाराच्या चौकोनात फर्दापूरसारख्या सरहद्दीवरच्या गावाला स्थान मिळण्याचे कारण नव्हते. सांस्कृतिक आश्रयाचा प्रश्न मात्र नेमका अशाच गावी जाऊन विचारावा लागतो.

४

सालारजंगांच्या राजकारणाचे सूत्र समजून घेतल्यावाचून पुढील विवेचन अन्यायाचे होईल. २१ मे १८५३ रोजी निजाम नासिर-उद्दौला यांना कंपनी सरकारशी तह करून वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रांत कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांच्या हवाली करावे लागले. तहानंतर काही दिवसांतच दिवाण सिराज-उल-मुल्क मरण पावले आणि त्यांचा पुतण्या, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, दिवाण झाला. त्याच्या हाती आलेले राज्य कर्जबाजारी होते. तालुके अरब व रोहिले जमादारांकडे आणि सावकारांकडे गहाण पडले होते, वसुली मक्त्याने दिली जात होती आणि सरकारी नोकरांचे पगार थकलेले होते.

यापुढील ३० वर्षे या दिवाणाने एकच विचार धरून ठेवलेला दिसतो : घर इतके नीट लावावे की इंग्रजांना हस्तक्षेपाला निमित्त उरू नये, आणि त्या बळावर वऱ्हाड परत मागावे. १८५७ च्या जूनमध्ये औरंगाबादेतील कंटिंजंटच्या घोडदळात उठाव झाला. १७ जुलैला तुर्रेबाझ खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादेच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. परंतु सालारजंगांनी संस्थानास इंग्रजांच्या बाजूने घट्ट धरून ठेवले. याचे फळ १८६० च्या तहात मिळाले. धाराशिव आणि रायचूर दुआब परत आले, सुमारे ५० लाखांचे कर्ज रद्द झाले आणि सुरापूर संस्थानास जोडले गेले. वऱ्हाड मात्र आले नाही. ते अखेरपर्यंत आले नाही, आणि १८७० नंतर त्यासाठी त्यांनी केलेल्या आग्रहामुळेच लॉर्ड लिटनच्या सरकारची त्यांच्यावर खप्पा मर्जी झाली.

अंतर्गत कारभारात १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी झाली. मक्तेदारी जाऊन पगारी अव्वल तालुकदार, दुय्यम तालुकदार आणि तहसीलदार आले. देशमुख-देशपांड्यांच्या हातून वसुली काढून त्यांना रुसूम बांधून देण्यात आला. पुढे सदर-उल-महाम या पदनामाने खातेवार मंत्री नेमले गेले. १८५६ च्या सुमारास दार-उल-उलूम ही शाळा निघाली. उत्तर हिंदुस्थानातून बिलग्रामी, चिराग अली, मोहसिन-उल-मुल्क, विकार-उल-मुल्क यांसारखे विद्वान व कर्तबगार पुरुष संस्थानच्या सेवेत आले. १८७४ मध्ये वाडी ते हैदराबाद हा लोहमार्ग सुरू झाला. आश्रय या शब्दाचा अर्थ विद्येला व विद्वानाला स्थैर्य देणे असा घेतला, तर ही कामगिरी कोणत्याही पुतळ्यापेक्षा मोठी ठरते. सर टी. माधवराव आणि ग्वाल्हेरचे दिनकरराव राजवाडे यांच्या पंक्तीत त्यांचे नाव घेतले जाते ते याच कारणाने.

५

आता फर्दापूरकडे वळावे. आज हे गाव छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यात आहे. बुऱ्हाणपूरहून औरंगाबादेस जाणारा मोगलकालीन मार्ग येथूनच अजिंठ्याचा घाट चढे, आणि त्या काळची भक्कम सराय गावात आहे. एकोणिसाव्या शतकात या स्थानाला निराळे महत्त्व आले. उत्तरेस लागूनच इंग्रजी अमलातील खानदेश. पूर्वेस थोड्याच अंतरावर १८५३ मध्ये हातचा गेलेला वऱ्हाड. संस्थानच्या मुलखाचा हा कोपरा दोन बाजूंनी इंग्रजी हद्दीने वेढला गेला होता. सालारजंगांच्या राजकारणाची मूळ वेदना जणू या ठिकाणी भूगोलाच्या रूपाने उभी होती.

लेण्यांचा आधुनिक इतिहास १८१९ मध्ये जॉन स्मिथ याच्या भेटीपासून सुरू होतो. १८४४ मध्ये मद्रास फौजेतील रॉबर्ट गिल याची चित्रांच्या प्रती करण्यासाठी नेमणूक झाली. खर्च आणि प्रेरणा दोन्ही कंपनी सरकारची. गिलने अजिंठा गावात मुक्काम करून वर्षानुवर्षे काम केले, पुढे छायाचित्रेही घेतली, आणि १८७९ मध्ये भुसावळ येथे त्याचा शेवट झाला. त्याने केलेल्या मोठ्या तैलचित्रांपैकी बहुतेक लंडनजवळील सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या डिसेंबरात लागलेल्या आगीत जळाली. त्यानंतर मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत, मधल्या खंडासह, आपल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा प्रती करविल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. हा खर्च मुंबई सरकारचा. याही प्रतींपैकी पुष्कळ १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. उरलेल्या सामग्रीवर ग्रिफिथ्स यांचा द्विखंडी ग्रंथ १८९६–९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

या तारखा सालारजंगांच्या तारखांशी ताडून पाहाव्यात. गिलचे काम सुरू झाले त्यांच्या दिवाणगिरीच्या ९ वर्षे आधी. ग्रिफिथ्स यांचे संपले त्यांच्या निधनानंतर २ वर्षांनी. म्हणजे अजिंठ्याच्या प्रतिलेखनाचे सबंध पहिले युग त्यांच्या कारकिर्दीवर जवळजवळ तंतोतंत पसरलेले आहे. या युगातील दोन्ही मोठे उपक्रम संस्थानच्या भूमीवर झाले, परंतु संस्थानबाहेरच्या सत्तेच्या पैशाने, तिच्या माणसांकडून आणि तिच्या राजधानीतील प्रदर्शनासाठी. प्रती तेथे गेल्या आणि तेथेच जळाल्या. शिवाय या कामाने मूळ चित्रांची हानीही झाली. रंग उजळून दिसावेत म्हणून भिंतीवर जे रोगण फासले गेले ते पुढे पिवळे-काळे पडले, आणि त्याचा डाग आजही संरक्षकांपुढील एक कठीण प्रश्न आहे. संस्थानने अजिंठ्याच्या जतनाची जबाबदारी स्वतंत्र पुरातत्त्व खाते स्थापून उचलली ती १९१४ मध्ये, सालारजंगांच्या मृत्यूनंतर ३१ वर्षांनी.

६

यावरून दिवाणास अरसिक ठरविणे सोपे आहे. पण तो निर्णय उथळ होईल. पहिली गोष्ट अशी की प्राचीन वास्तूंच्या जतनाची शासकीय कल्पनाच त्या काळी नवी होती. कनिंगहॅम यांची पुरातत्त्व पाहणीसाठी नेमणूक १८६१ मध्ये झाली, पश्चिम हिंदुस्थानची पाहणी बर्जेस यांच्याकडे १८७४ मध्ये आली आणि इंग्रजी मुलखातसुद्धा प्राचीन स्मारकांचा कायदा व्हावयास १९०४ साल उजाडावे लागले. जी दृष्टी राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या प्रदेशात पक्की झाली नव्हती, तिची अपेक्षा कर्जातून वर येऊ पाहणाऱ्या संस्थानाकडून करणे योग्य नव्हे.

दुसरे कारण दळणवळणाचे. १८६० नंतरच्या दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग पाचोरा, जळगाव, भुसावळ या खानदेशातील गावांवरून गेला. त्यामुळे मुंबईच्या प्रवाशाला फर्दापूर जवळ आले. हैदराबादेकडून औरंगाबादेपर्यंत आगगाडी येण्यास मात्र १९०० साल यावे लागले. सालारजंगांच्या हयातीत राजधानीतून अजिंठ्यास येणे म्हणजे बैलगाडीची व घोड्यांची दीर्घ मजल होती. लेणी राज्याने निजामाची, पण वाटेने मुंबईची, अशी ही स्थिती होती. सत्ता आणि वाट यांची अशी फारकत झाली की संस्कृती बहुधा वाटेच्या मागे जाते.

तिसरे कारण अधिक महत्त्वाचे असून ते शासनरचनेत आहे. सालारजंगांच्या सुधारणा दिवाणी मुलखापुरत्या होत्या. निजामाचे सर्फ-ए-खास, पायगा उमरावांचे तालुके आणि जहागिरी हा राज्याचा फार मोठा भाग त्या सुधारणांच्या बाहेर राहिला. अजिंठा गाव तर खुद्द सालारजंग घराण्याच्या जहागिरीत मोडे. दक्षिणेकडील कोप्पळसारखे परगणेही याच जहागिरीचे. म्हणजे जो पुरुष दिवाण या नात्याने सरदारी मिराशीच्या जागी पगारी कारभार आणीत होता, तोच जहागीरदार या नात्याने त्या जुन्या व्यवस्थेचा एक मोठा लाभधारक होता. हा विरोध दांभिकपणाचा नव्हे, तो त्या संक्रमणकाळाचाच आहे. अमीर-उमरावांचे हक्क राखल्यावाचून त्यांना हैदराबादेत एक दिवसही कारभार करता आला नसता. त्यांच्या जिवावर दोनदा हल्ले झाले होते, हे विसरता येत नाही. परंतु परिणाम असा झाला की ज्या शासनयंत्रणेला आपण त्यांचे खरे सांस्कृतिक कार्य म्हणतो, ती यंत्रणा त्यांच्याच जहागिरीच्या वेशीवर थांबली.

चौथे कारण त्यांच्या धोरणाच्या गाभ्यात आहे. हस्तक्षेपाला निमित्त मिळू द्यावयाचे नाही, हे ज्याचे सूत्र, त्याला कोणता वाद ओढवून घ्यावयाचा आणि कोणता सोडून द्यावयाचा याचा सतत हिशेब करावा लागतो. वऱ्हाडसाठी सारे बळ राखून ठेवलेल्या दिवाणाच्या हिशेबात डोंगरातील चित्रे ही वादाची बाब असणे संभवनीय नव्हते. इंग्रज चित्रकारांचे येणेजाणे निरुपद्रवी होते. ते चालू राहण्याने संस्थानचे काही बिघडत नाही असेच कोणाही व्यवहारदक्ष मुत्सद्द्याला वाटले असते. जमिनीच्या स्वामित्वाविषयी डोळ्यांत तेल घालून जागणाऱ्या या राजकारणाला प्रतिमांच्या स्वामित्वाचा प्रश्न दिसलाच नाही. वऱ्हाड गेल्याचे दुःख त्याने जन्मभर बाळगले. अजिंठ्याचे रूप परदेशी गेले याची नोंद त्याच्या राजकारणात नाही. येथेच मुत्सद्दी हा आश्रयदात्यावर मात करतो.

७

या मीमांसेला लेण्यांतूनच एक तुलना मिळते. अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने पाचव्या शतकात कोरविले आणि भिक्षुसंघास अर्पण केले. त्याचा शिलालेख लेण्याच्या भिंतीवर आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचे वाचन व संपादन करून वाकाटक इतिहासाचा एक भक्कम आधार उपलब्ध करून दिला. विशेष म्हणजे हे संपादन हैदराबाद संस्थानच्याच पुरातत्त्वमालेत १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. जंजाळ्याजवळील घटोत्कच लेणेही याच वराहदेवाचे. म्हणजे फर्दापूरच्या परिसराला मंत्री-आश्रयदाता ही कल्पना अपरिचित नाही. पहिल्या सालारजंगांच्या आधी सुमारे १४ शतके एका अमात्याने येथे आपले नाव कोरून ठेवले आहे.

दोघेही मंत्री, दोघेही वंशपरंपरेने राजसेवेत आलेले, दोघांच्याही मागे एका मोठ्या दख्खनी राज्याचे बळ. भेद आहे तो आश्रयाच्या आधाराचा. वराहदेवाच्या लेखात वाकाटक राजांची वंशावळ, स्वतःच्या घराण्याची थोरवी, राज्यकारभारातील सचोटी आणि लेण्याचे दान ही एकाच प्रशस्तीची अंगे आहेत. राज्य चालविणे आणि लेणे कोरविणे हे त्याच्या दृष्टीने एकाच पुण्यकर्माचे दोन भाग होते. सालारजंगांच्या काळी हा सांधा तुटला होता. धर्माश्रित दान ही खाजगी गोष्ट झाली होती आणि सार्वजनिक वारसा ही कल्पना अजून जन्मास यावयाची होती. जुना आश्रय मावळला आहे व नवा उगवलेला नाही, अशा संधिकाळात हा दिवाण उभा होता. त्या संधिकाळात सरदाराच्या हाती कलेविषयी उरतो तो एकच मार्ग : संग्रह. म्हणून रोमहून पुतळा येतो आणि अजिंठ्याची भिंत जेथल्या तेथे राहते.

ही तुलना वराहदेवास मोठा व सालारजंगांस लहान ठरविण्यासाठी नाही. वाकाटक अमात्याने केलेले दान एका संघासाठी होते; हैदराबादच्या दिवाणाने बसविलेली जिल्हाव्यवस्था, शाळा आणि न्यायालये धर्मनिरपेक्षपणे प्रजेसाठी होती. मराठवाड्यातील रयतेच्या दृष्टीने मक्तेदाराच्या जाचातून झालेली सुटका ही थोडी गोष्ट नव्हे. मात्र त्या रयतेची मराठी भाषा गावच्या दप्तरापलीकडे चढू शकली नाही. दरबारची व वरिष्ठ कारभाराची भाषा फारसीच राहिली, आणि १८८४ मध्ये तिची जागा उर्दूने घेतली. सुधारणेचा लाभ मिळाला तो प्रजा म्हणून. भाषिक समाज म्हणून मिळाला नाही. ‘संस्कृतीचा आश्रयदाता’ हे विशेषण मराठी अभ्यासकाने वापरताना हाही भाग हिशेबात धरला पाहिजे.

८

यानंतर एक शेवटचा मुद्दा उरतो आणि तो सालारजंगांच्या बाजूचा आहे. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी फर्दापूर येथे तळ देऊन प्रतिलेखन केले, तेव्हा नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त व वेंकटप्पा या चित्रकारांबरोबर हैदराबादचे सय्यद अहमद आणि फझलुद्दीन काझी हेही होते. १९१४ मध्ये गुलाम याझदानी यांच्या नेतृत्वाखाली संस्थानचे पुरातत्त्व खाते निघाले. १९२० ते १९२२ मध्ये चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना चित्रांच्या संरक्षणासाठी आणण्यात आले. आणि १९३० ते १९५५ या काळात याझदानी यांचा चार भागांचा अजिंठाविषयक ग्रंथ प्रसिद्ध झाला. हे सारे करणारी नोकरशाही कोठून आली? खातेवार विभागणी, नियमित पगार, शिक्षित अधिकारी आणि संस्थानच्या नावाने बोलणारे शासन, या चार गोष्टींचा पाया सालारजंगांनी घातला होता. या अर्थाने १९१४ चे खाते हे त्यांच्याच कार्याचे उशिराने आलेले फळ होय.

परंतु या विधानाचा उपयोग सफाई म्हणून करता येणार नाही. फळ उशिरा आले आणि मधल्या काळात जे गेले ते परत आले नाही. गिल व ग्रिफिथ्स यांच्या प्रती जळाल्या, रोगणाचे थर चढले, काही चित्रांचे आज जे ज्ञान आहे ते केवळ वाचलेल्या जुन्या प्रतींवरून आहे. शासन उभारणारा पुरुष संस्कृतीसाठी जमीन तयार करतो. पण जमीन तयार करणे आणि पीक राखणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम सालारजंगांनी असामान्य धैर्याने केले. दुसरे त्यांच्या कामाच्या यादीत नव्हते.

तेव्हा पहिल्या सालारजंगांच्या चरित्राची पुनर्मांडणी करताना ‘मुत्सद्दी आणि आश्रयदाते’ ही सरधोपट जोडी सोडून दिली पाहिजे. त्यांना विद्येचे आश्रयदाते म्हणावे, आणि तेही शासनसंस्थेच्या द्वारे. संग्राहक म्हणावे, पण नातवाची पुण्याई वजा करून. कलेच्या वारशाचे राखणदार म्हणू नये, कारण तसा पुरावा फर्दापुरास मिळत नाही. ८ फेब्रुवारी १८८३ रोजी कॉलऱ्याने त्यांचा आकस्मिक अंत झाला, तेव्हा त्यांचे वय ५४ वर्षांचे होते. बरोबर १०० वर्षांनी, १९८३ मध्ये, अजिंठ्याची लेणी जागतिक वारसा म्हणून नोंदली गेली. या दोन सालांमध्ये आश्रय या शब्दाचा अर्थ बदलला : एका थोर घराण्याच्या मर्जीचा तो विषय होता, तो सर्वांच्या कर्तव्याचा झाला. सालारजंगांनी या बदलाचा अर्धा रस्ता घडविला आणि उरलेल्या अर्ध्याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांच्या थोरवीचे मोजमाप या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवूनच केले पाहिजे.